ह्यात चुना कुठं हाय?

गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलच्या खोलीत दर रविवारी रात्री जेवणानंतर एक सभा भरायची. चार-पाच मुलं, दार बंद, पंखाही बंद, आणि प्रत्येकाच्या हातात कागदाची पांढरी पट्टी. पट्टीवर एक फवारा मारायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग डोळे मिटून वास घ्यायचा. बोलायचं नाही. आधी वहीत लिहायचं, मग बोलायचं. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वॉर्डनला नक्की बोलावलं असतं.

आम्ही परफ्यूमवेडे होतो. दुकानात टीव्हीवरच्या हीरोचा फोटो लावून मिळतात ते परफ्यूम नव्हेत, तर ‘नीश’. म्हणजे कमी लोकांसाठी, कमी प्रमाणात बनवलेले आणि आमच्या खिशाला अजिबात न परवडणारे. त्यामुळे आख्खी बाटली कुणीच घेत नसे. कुणीतरी मोठी बाटली फोडतो आणि त्यातून पाच-पाच मिली छोट्या कुप्यांत भरून विकतो, त्याला डिकँट म्हणतात. आमचा सगळा संसार डिकँटवर. मी दोन शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवायचो, त्याचे पैसे तिकडेच जायचे.

या छंदाची स्वतःची भाषा आहे आणि साहित्याचा विद्यार्थी म्हणून मी आधी त्या भाषेच्याच प्रेमात पडलो. फवारल्यावर पहिली दहा मिनिटं दरवळतात त्या टॉप नोट्स, मग मधली हार्ट, आणि काही तासांनी कातडीवर उरतो तो ड्राय डाउन. आपण चालून गेल्यावर मागे हवेत जो माग राहतो त्याला फ्रेंचमध्ये सियाज म्हणतात. मूळ अर्थ, होडी गेल्यावर पाण्यावर उमटणारी रेघ. क्रीड कंपनीच्या 2010 सालच्या ‘अव्हेंटस’वरून तर आमच्यात दोन पक्ष होते. त्यात अननस आहे आणि बर्चचा धूर आहे. एका पक्षाचं म्हणणं, जुन्या बॅचमध्ये धूर जास्त होता. दुसऱ्याचं म्हणणं, हे सगळं मनाचे खेळ. फिजिक्सवाल्या मित्राने शेवटी डोळ्यांवर रुमाल बांधून परीक्षा घेतली. दोन्ही पक्ष नापास झाले आणि दुसऱ्या दिवसापासून भांडण पुन्हा सुरू.

असाच एका रविवारी रूममेटने नवीन डिकँट काढलं. टॉम फोर्डचं ‘टस्कन लेदर’, 2007 सालचं. या प्रकारातलं बहुचर्चित. पाच मिलीला दोन हजारांच्या पुढे गेले होते, वर्गणी काढून घेतलेलं. पट्टी नाकाशी नेली. आधी रासबेरीसारखं काहीतरी आंबटगोड, केशर, आणि मग खालून हळूहळू वर येणारं चामडं.

“काय क्लीन लेदर आहे यार,” पुण्याचा मित्र म्हणाला. “नव्या गाडीच्या सीटसारखं.”

“श्रीमंत वास आहे,” दुसरा म्हणाला.

मी वहीत काहीच लिहिलं नाही. रूममेटने विचारलं, “तुला आवडलं नाही? तुझ्या आजोबांचा तर लेदरचाच बिझनेस होता ना?”

हे मीच त्यांना सांगितलं होतं, पहिल्या वर्षी. ‘लेदरचा बिझनेस.’ त्यात एकही शब्द खोटा नाही, आणि तरी ते धडधडीत खोटं आहे.

*

माझ्या आजोबांना आम्ही अज्जा म्हणतो. आमच्या भागात मराठीत कन्नड असं कुठूनही शिरतं. गाव खटकचिंचोळी, तालुका भालकी, जिल्हा बीदर, राज्य कर्नाटक. मुंबईहून बीदरला जाणाऱ्या गाडीने लातूर, उदगीर करत भालकीला उतरायचं आणि पुढे मिळेल त्या वाहनाने. अज्जा जन्मले तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. 1956 साली हैदराबाद संस्थान वाटलं गेलं आणि आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत कन्नड. अज्जा तिन्ही भाषा एका वाक्यात बोलतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

अज्जा कातडं कमवायचे. मेलेलं जनावर गावातून ओढून आणण्यापासून ते वहाण शिवण्यापर्यंत सगळं आमच्याच आळीत व्हायचं. आळी गावाच्या कडेला, वारा ज्या बाजूला वाहून जातो त्या बाजूला. विहिरीवरच्या मोटेची भली मोठी चामडी पिशवी अज्जांचे वडील शिवायचे. त्या पिशवीतून आलेल्या पाण्यावर गावाचा ऊस, गावाची भाजी पिकायची, पण पिशवी शिवणाऱ्याला त्याच विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. पुढे डिझेल इंजिनं आणि विजेचे पंप आले, मोट गेली, आणि तिच्याबरोबर अर्धं कामही गेलं.

पणजोबांच्या काळात घर ख्रिस्ती झालं. आमच्याकडे क्रूस आहे, रोझरी आहे, नाताळला गोठा असतो. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. म्हणजे कागदावरून आमची जात गेली. गावाच्या नाकातून मात्र गेली नाही.

कारण जात म्हणजे आमच्या बाबतीत सगळ्यात आधी वास होता. पप्पा सांगतात, शाळेत त्यांच्या बाकावर कुणी बसायचं नाही. कुणी शिवी दिली नाही, मारलं नाही. फक्त नाकाला रुमाल लावायचे. पप्पांनी दहावीनंतर जे गाव सोडलं ते सोडलंच. मुंबईत नोकरी लागली, घर झालं. आजही ते दिवसातून दोनदा साबण लावून आंघोळ करतात, पावसाळ्यात तीनदा. चामड्याचा बूट त्यांनी कधी घातलेला मी पाहिला नाही. ऑफिसलाही रेक्झिनचा. मी लहानपणी समजायचो की पप्पा काटकसरी आहेत.

आणि अज्जांकडे होता अत्तराचा डबा.

*

कलबुर्गीला ख्वाजा बंदे नवाज यांचा दर्गा आहे. ख्वाजा बहामनी काळात दिल्लीकडून दख्खनेत आले आणि 1422 साली तिथंच वारले. दरवर्षी त्यांचा उरूस भरतो, चंदनाची मिरवणूक निघते, त्याला संदल म्हणतात. सगळ्या जातीधर्मांची माणसं जातात. अज्जाही जायचे. येताना वाटेत कमलापूरची तांबडी केळी घ्यायचे आणि उरुसातून अत्तराची एक कुपी. नेहमी एकच, मजमुआ. रविवारी मिस्साला जाण्याआधी कापसाचा बारीक फाया करून तो कानाच्या पाळीच्या वरच्या खळग्यात खोचायचे. तरी बसायचे सगळ्यात मागे, दाराजवळच्या चटईवर. तिथं त्यांना कुणी बसवलेलं नव्हतं. सवय होती.

हॉस्टेलच्या सभेला मजमुआ नवं नव्हतं. हा शब्दच मुळी ‘गोळा केलेलं’ अशा अर्थाचा. वाळा, केवडा, कदंब आणि मातीचं अत्तर असं चौघांचं मिश्रण. कनौजला ही अत्तरं अजूनही तांब्याच्या डेगेत फुलं शिजवून, बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात उतरवून काढतात. त्या भांड्यात आधीच चंदनाचं तेल असतं, ते वाफेतला सुवास पिऊन घेतं. पण चंदन आता इतकं महाग झालंय की बाजारातल्या पुष्कळशा स्वस्त अत्तरांत त्याच्या जागी पॅराफिन असतं.

दुसऱ्या वर्षी मी अज्जांच्या डब्यातली एक कुपी चोरून हॉस्टेलला आणली होती आणि कुणाला न सांगता आंधळ्या चाचणीत ठेवली होती. मला वाटलं होतं सिनेमात होतं तसं होईल. सगळे महागडे परफ्यूम हरतील आणि मी शेवटी रहस्य उघड करीन. तसं झालं नाही. सहा वासांत अज्जांची कुपी सहावी आली. एकाने वहीत लिहिलं होतं, “डोकं दुखतं. गल्लीतला वास.” दहापैकी मी किती दिले होते तेही सांगून टाकतो. चार. डोळे बांधलेले असताना मला तो ओळखूच आला नाही.

ती वही माझ्याकडे आहे.

*

लेदरच्या त्या रविवारनंतर मी लायब्ररीत बसून वाचायला लागलो की चामड्याचा आणि सुगंधाचा संबंध काय. आणि गंमत म्हणजे संबंध फारच जवळचा निघाला. फ्रान्सच्या दक्षिणेला ग्रास नावाचं शहर आहे. आज त्याला सुगंधाची राजधानी म्हणतात. तिथली परफ्यूमची कला 2018 साली युनेस्कोच्या यादीत गेली. पण मध्ययुगात ग्रास हे कातडं कमावणाऱ्यांचं गाव होतं. तिथले हातमोजे प्रसिद्ध होते आणि त्यांना दुर्गंधी यायची. उमरावांच्या नाजूक हातांना ती चालेना. म्हणून मोज्यांना सुगंधी तेलं लावायला सुरुवात झाली. हातमोजेवाले आणि सुगंधवाले यांचा धंदा एकच झाला. पुढे चामडं मागे पडलं, फुलांची शेती वाढली, आणि गाव अत्तराचं म्हणून जगात नावाजलं.

आमच्या अभ्यासक्रमात नसलेली पण बहुतेकांनी वाचलेली एक कादंबरी आहे, पॅट्रिक झ्यूसकिंडची ‘परफ्यूम’, 1985 ची. तिचा नायक सुगंधाच्या दुकानात पोचतो तो कातडी पोचवायला आलेला चर्मकाराचा नोकर म्हणून. मी ती दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा हे पान सहज उलटून पुढे गेलो होतो.

म्हणजे ग्रासमध्ये कातड्याच्या वासातून शहराला नाव मिळालं आणि आमच्याकडे त्याच वासातून आळी वेगळी पडली. अज्जांच्या आळीचं ग्रास का झालं नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला. उत्तर अवघड नाही. ग्रासचा वास बदलता येत होता, कारण तो मोज्याला होता. आमचा माणसाला लावलेला होता.

*

नाताळच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा ते डिकँट बरोबर नेलं. उरलेलं दीड-दोन मिली. अज्जा आता ऐंशीच्या पुढचे आहेत. काम सोडून तीस वर्षं झाली, पण रापी आणि आरी अजून खुंटीला आहेत. ते अंगणात उन्हाला बसले होते. मी पट्टीवर फवारा मारून त्यांच्या हातात दिली.

“अज्जा, हे काय आहे सांगा.”

त्यांनी पट्टी एकदम नाकाशी नेली नाही. आधी छातीशी धरली, हाताने वारा घातला, मग जवळ आणली, मग लांब. आम्ही हे यूट्यूबवर शिकलो होतो. त्यांना कुणी शिकवलं?

“फळ हाय कायतरी,” ते म्हणाले. “केशर हाय.” मग बराच वेळ थांबले. “आन् कातडं म्हणून कायतरी केलंय.”

“बरोबर! लेदरचं परफ्यूम आहे ते.”

“कातड्याचं?” त्यांनी पुन्हा हुंगलं. “मग ह्यात चुना कुठं हाय?”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं की चुन्याशिवाय कातडं कसं होईल.

मग त्यांनी मला सांगितलं. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं होतं, त्यामुळे नीट लिहू शकतो. कातडं आलं की आधी मीठ आणि रक्त, तो वास लोखंडासारखा. मग चुन्याचं कुंड. तिथं केस सुटतात आणि जो वास सुटतो तो डोळ्यात जातो. लोकांनी नाकाला रुमाल लावला तो ह्याच वासाला. मग घासून, धुऊन सालीचं पाणी. कातड्याची पिशवी शिवून झाडाला टांगायची आणि सालीचा काढा आत ओतत राहायचा. तो वास आंबूस, थोडा चहाच्या चोथ्यासारखा. आणि शेवटी करंजाचं तेल चोळायचं, उन्हात नाही, सावलीत वाळवायचं. तेव्हा कुठं कातड्याला कातड्याचा वास येतो.

“तो चांगला असतोय का, अज्जा?”

“मंग! तो कुणाला नको झालाय? नवी वहाण घेतली की गावातला पाटील बी आधी नाकाला लावायचा.”

अज्जांना वासावरून कळायचं की कातडं म्हशीचं आहे की बैलाचं, चुन्यात एक दिवस जास्त राहिलं की कमी, साल नवी की जुनी. म्हणजे टॉप, हार्ट, ड्राय डाउन सगळं होतं. फक्त वही नव्हती. आम्ही पाचजण मिळून अव्हेंटसची बॅच ओळखू शकलो नव्हतो.

त्या दुपारी ते बोलतच राहिले. आमच्या जिल्ह्यात बसवकल्याण आहे. तिथल्या बाराव्या शतकातल्या हरळय्या शरणाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. चर्मकार हरळय्याने बसवण्णांना नमस्कार केला, बसवण्णांनी उलट दुप्पट नमस्कार केला. त्या ऋणातून उतराई व्हायला हरळय्या आणि त्याच्या बायकोने आपल्या मांडीचं कातडं काढून जोडा शिवला. लोक ही गोष्ट सांगताना डोळ्यांत पाणी आणतात. अज्जांना एवढंच कुतूहल होतं, की मांडीचं कातडं किती पातळ, ते चुन्यात किती दिवस ठेवलं असेल. बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र यापोला जातो आणि शिमोन नावाच्या कातडं कमावणाऱ्याच्या घरी राहतो. ते घर समुद्राकाठी होतं असं तिथं लिहिलंय. यावर मी प्रवचनं ऐकली आहेत, की पेत्राने शिवाशिव कशी ओलांडली. अज्जा म्हणाले, “समुद्राकाठीच आसणार. पाणी लागतंय रग्गड. आन् वास वाऱ्यावर पलीकडं जातोय.” मग थोडं थांबून म्हणाले, “पर पेत्र तितं जेवला आसंल. तेवढा वास सोसून जेवायचं म्हणजे...” आणि वाक्य तसंच सोडलं.

मी त्यांना विचारलं, मग तुम्ही अत्तर का लावायचात? मला वाटलं होतं ते म्हणतील, वास झाकायला.

“आरं, मला आवडतंय,” ते म्हणाले. “वासाचं काम केलंय जन्मभर. चांगल्या वासाची हौस आसू नये व्हय?”

हे उत्तर मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. मी त्यांची हौस म्हणजे लाज समजत होतो. लाज माझी होती. म्हणजे आधी पप्पांची, आणि मग वारशाने माझी.

*

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी मित्रांना सांगितलं. फार नाट्य झालं नाही. म्हटलं, “आजोबांचा लेदरचा बिझनेस नव्हता. ते मेलेल्या जनावरांचं कातडं कमवायचे. गावाबाहेर राहायचे.” दोन मिनिटं कुणी बोललं नाही. पुण्याचा मित्र मोबाईलकडे बघत बसला. मग फिजिक्सवाल्याने विचारलं, “चुना म्हणजे पीएच किती असेल रे?” आणि मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. रूममेटने रेकॉर्डिंग ऐकायला मागितलं. आम्ही ते ऐकलं. दखनी शब्द मी मध्ये मध्ये समजावत होतो.

पुण्याचा मित्र त्यानंतर दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, काही बोलला नाही, पट्टी उचलली. कारण मी विचारलं नाही. परीक्षा असेल. किंवा नसेल.

हा लेख मंडळाच्या ई-मासिकाला द्यायचा ठरवला तेव्हा पप्पांना विचारणं भाग होतं. फोनवर म्हणाले, “कशाला उकरतोस? शिकतोयस ना नीट? मग झालं.” मी म्हटलं, नाव नाही घालत. ते म्हणाले, “नाव नसलं तरी वास येतो.” आणि फोन ठेवला. मी तरीही मसुदा त्यांना व्हॉट्सॅपवर पाठवला. दोन निळ्या खुणा झाल्या. चार दिवस उत्तर नाही. मी संपादकांना लेख मागे घेतो असं सांगणार होतो.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला पप्पांचा मेसेज आला. त्यात हो नव्हतं, नाही नव्हतं. एवढंच होतं:

“सालीचं पाणी लिहिलंस, कोणती साल ते नाही लिहिलं. बाभळीची. मी शाळेतून आल्यावर कुटायचो. तिचा वास वाईट नव्हता.”